डिस्ट्रो बदलण्याआधी

चि. अन्वय,

काल फोनवर म्हणालास, आवाज आला, वायफाय आलं, झाकण मिटून उघडलं तरी मशीन नीट जागं होतं, मग आता पुढे काय? आणि लगेच, रविवारी हे लिनक्स काढून फेडोरा हे दुसरं लिनक्स टाकून बघतो. मी ‘बॅकअप?’ एवढंच विचारलं आणि तू फोन ठेवलास. म्हणून लिहितेय. बॅकअपचं एकदाच सांगेन.

डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचा प्रकार, बदलून हाती फार लागत नाही रे. प्रोग्रॅम बसवायला एपीटीच्या जागी डीएनएफ येतं, बाकी बरंचसं तेच. बघायचंच असेल तर मशीनच्या आत दुसरं मशीन चालवणारा व्हर्च-मॅनेजर बसव, आतल्या पाहुण्या सिस्टिमला ४ जीबी रॅम आणि २५ जीबी जागा दे, स्नॅपशॉट घे, म्हणजे मागे फिरता येईल, आणि खुशाल मोडतोड कर. ती फारच रेंगाळली तर बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन बंद आहे का ते बघ.

खऱ्या मशीनवर लॉग वाचायला शीक. ‘जर्नलसीटीएल -बी -१ -पी ईआरआर’ दिलंस की मागच्या बूटमधल्या चुका दिसतात. मशीनच्या झोपेचा घोळ तू एकट्याने निस्तरलास आणि मला एका वाक्यात सांगितलंस. मी बाबांना दोनदा सांगितलं.

मग एफएसटॅब, म्हणजे बूट होताना कोणती डिस्क कुठे जोडायची ती यादी. बाहेरची डिस्क एक्सटी४ मध्ये फॉरमॅट कर. एक्सफॅटवर परवानग्या आणि सिमलिंक, म्हणजे दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारे दुवे, टिकत नाहीत. एफएसटॅबमधली ओळ यूयूआयडीने, म्हणजे डिस्कच्या ठरलेल्या ओळखक्रमांकाने लिही, कारण एसडीए, एसडीबी ही नावं बूटगणिक बदलू शकतात. ‘नोफेल’ घाल, नाहीतर डिस्क लावलेली नसली की मशीन ९० सेकंद वाट बघून इमर्जन्सी मोडमध्ये जाईल. रीबूट करण्याआधी ‘माउंट -ए’ देऊन तपास.

डिस्क कशासाठी, हे तुला कळलंच असेल. टाइमशिफ्ट आहे असं मागे म्हणालास, पण ते सिस्टिमची प्रत ठेवण्यासाठी. होम फोल्डर आपण सांगितल्याशिवाय ते घेत नाही. आजीची रेकॉर्डिंग होममध्येच आहेत ना? दुसरीकडे कुठेच नाहीत ना? नवव्या फाइलमध्ये ती मध्येच थांबून ‘सुरू झालं का रे?’ विचारते आणि तू ‘हो आजी, बोल’ म्हणतोस. तेव्हा तुझा आवाज अजून फुटायचा होता.

फाइलींची प्रत करायला आरसिंक वापर. स्रोताच्या शेवटी तिरकी रेघ दिलीस तर आतला माल जातो, नाही दिलीस तर फोल्डरसकट जातो. ‘डिलीट’चा पर्याय लावशील तेव्हा आधी ‘-एन’ देऊन कोरडी फेरी मार, म्हणजे काही न बदलता काय होईल ते नुसतं दिसेल. स्रोत चुकून रिकामा असेल तर तो पर्याय तिकडचंही पुसून टाकतो. मग ठरल्या वेळी बॅकअप आपोआप चालवणारा सिस्टिमडीचा टायमर लिही, ‘पर्सिस्टंट’ चालू ठेवून, म्हणजे मशीन बंद असताना हुकलेली वेळ नंतर भरून निघते. बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये पहिल्यांदा ‘माउंटपॉइंट’ने डिस्क जोडलेली आहे ना ते बघ. नाहीतर रूट म्हणून, म्हणजे पूर्ण अधिकारांनी चाललेला आरसिंक डिस्क जिथे जोडायची त्या रिकाम्या फोल्डरमध्येच लिहीत बसतो, आतली डिस्क भरते आणि तुला वाटतं बॅकअप झाला.

एकदाच म्हणाले होते आणि पान भरलं. रागावू नकोस. तू आता माझ्यापेक्षा भराभर शिकतोस, हे मला दिसतं.

शनिवारी डिस्क लाव. नववी फाइल तिच्यावरून वेगळ्या फोल्डरमध्ये उतरव, शेवटपर्यंत ऐक आणि मला पाठव. मग रविवारी टाक फेडोरा.

— आई