फ्लोरिडाच्या शिक्षण आयुक्तांना खुले पत्र: तुमच्या इतिहासात मारणारे कुठे आहेत?

प्रति,
मा. शिक्षण आयुक्त,
फ्लोरिडा राज्य, टॅलाहासी

विषय: रोझवूडवरचा शाळेचा प्रकल्प बदलायला लावल्याबाबत

महोदय,

सविनय नमस्कार. या पत्राचा इंग्रजी मसुदा आपल्या कार्यालयाला ईमेलने पाठवला होता. ‘आपला संदेश मिळाला’ असं यंत्राचं उत्तर आलं, पुढे काही नाही. म्हणून आता मराठीत लिहिते आहे. आपल्याला वाचता येणार नाही हे मान्य, पण ऑरलँडो-टँपाच्या पट्ट्यात आम्हा मराठी लोकांची बरीच घरं आहेत, त्यांना येतं.

माझी मुलगी आठवीत आहे. ब्लॅक हिस्टरी मंथसाठी, म्हणजे काळ्यांच्या इतिहासाच्या महिन्यासाठी, वर्गात प्रत्येकाने एक विषय निवडायचा होता. तिने रोझवूड निवडलं, कारण ते आपल्याच राज्यात, लेव्ही काउंटीत आहे. १९२३च्या जानेवारीत एका गोऱ्या बाईने आपल्याला काळ्या माणसाने मारहाण केल्याचं सांगितलं आणि गोऱ्या जमावाने आठवड्याभरात अख्खं गाव जाळलं. सरकारी आकडा आठ मृतांचा. सहा काळे, दोन गोरे. उरलेली बायकामुलं थंडीत दलदलीत लपून राहिली. खटला एकावरही चालला नाही. पोरीने हे सगळं मन लावून लिहिलं, नकाशा काढला.

शाळेतल्या बाईंनी प्रकल्प परत पाठवला. विषय जरा जड आहे, त्यापेक्षा एखादा संशोधक घे, काहीतरी पॉझिटिव्ह. शेवटी तिने काळे शास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर आणि त्यांचे शेंगदाणे असं पोस्टर केलं. कार्व्हर फार मोठा माणूस होता, त्याच्याबद्दल माझी काय तक्रार असणार? पण जळालेल्या गावाच्या जागी शेंगदाणे आले, हे मला गिळवत नाही.

बाईंना मी दोष देत नाही. त्या घाबरल्या आहेत आणि त्यांना घाबरवण्याची सोय आपण केली आहे. वर्गात वंशाबद्दल काय शिकवायचं याच्या २०२२च्या कायद्यात गुलामगिरी शिकवायला बंदी नाही, हे मला ठाऊक आहे. उलट ती शिकवावी असंच त्यात लिहिलंय. फक्त, पूर्वजांच्या कृत्यांबद्दल कुणाला त्याच्या वंशामुळे अपराधी वाटलंच पाहिजे असं शिकवायचं नाही. कागदावर किती शहाणपणाचं दिसतं! पण कुठल्या वाक्याने कुणाच्या मुलाला अपराधी वाटेल आणि कुणाचे आईबाप तक्रार करतील, हे ठरवायचं कुणी? नोकरी जाईल या भीतीने शिक्षक स्वतःच ठरवतात आणि आधीच कात्री लावतात. २०२३च्या जानेवारीत मॅनाटी काउंटीत शिक्षकांनी वर्गातली पुस्तकं कागदाने झाकून ठेवली होती. तो कायदा पुस्तकांचा, वेगळा, पण भीती तीच. २०२३-२४ या एका शालेय वर्षात या राज्यात साडेचार हजारांवर पुस्तकबंद्या झाल्याचं पेन अमेरिका ही लेखकांची संघटना सांगते. तुम्ही म्हणाल, आकडा फुगवलाय. बरं, निम्मा धरा. लाज निम्मी होते का?

आता त्या प्रसिद्ध वाक्याकडे येते. १९ जुलै २०२३ रोजी राज्य शिक्षण मंडळाने आफ्रिकन-अमेरिकन इतिहासाचे नवे निकष मंजूर केले. सहावी ते आठवीच्या निकषांत लिहिलंय की गुलामांनी अशी कौशल्यं मिळवली, जी काही वेळा त्यांना स्वतःच्या फायद्यासाठी वापरता आली.

वाचून मला माझे आजोबा आठवले. नांदेड जिल्ह्यातल्या आमच्या गावात ते मेलेली ढोरं ओढायचे. कातडं सोलण्यात त्यांचा हात धरणारा पंचक्रोशीत नव्हता. बघा, गावाने त्यांना केवढं कौशल्य दिलं! आणि आम्ही कृतघ्न, १९५६ नंतर बाबासाहेबांच्या मागे गेलो आणि ढोरं ओढणं सोडलं. मग गावाने काय केलं ते मी सांगत नाही, तुमच्या निकषांत बसणार नाही.

पश्चिम आफ्रिकेतून आणलेली माणसं भात पिकवणं, लोखंड घडवणं, विणणं घरूनच शिकून आली होती. १८६० साली फ्लोरिडाची लोकसंख्या सुमारे १,४०,००० होती, त्यातले जवळपास ६२,००० गुलाम. म्हणजे दर शंभरात चव्वेचाळीस माणसं कुणाच्या तरी मालकीची. या बासष्ट हजारांचा फायदा कुणी घेतला, यावर एखादा धडा निघाला तर मी स्वतः रांगेत उभी राहून तो विकत घेईन.

त्याच निकषांत ओकोई, रोझवूड, टल्सा या जाळलेल्या काळ्या वस्त्यांचा उल्लेख येतो तिथे शब्द आहेत: आफ्रिकन-अमेरिकनांवर ‘आणि त्यांनी’ केलेली हिंसा. ओकोई माझ्या घरापासून अर्ध्या तासावर आहे. २ नोव्हेंबर १९२०, मतदानाचा दिवस. मोझ नॉर्मन हा काळा माणूस मत द्यायला गेला, त्याला हाकललं. रात्री गोऱ्यांचा जमाव त्याच्या मित्राच्या, जुलाय पेरीच्या घरावर चालून गेला. घरातून गोळ्या सुटल्या, दोन गोरे मेले. मग जमावाने पेरीला मारून टांगलं, काळ्यांची घरं जाळली, उरलेल्यांना पिटाळून लावलं. घरावर चाल करून आलेल्यांवर झाडलेली गोळी आणि घरं जाळणाऱ्यांची मशाल तुम्ही एकाच ओळीत बसवता. वर म्हणता, आम्ही सगळ्या बाजू शिकवतो.

हा खेळ मी ओळखते, कारण मी त्यातच शाळा शिकले. १९७८ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात आमच्या वस्त्या पेटल्या. टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे मारले गेले. माझा जन्म त्यानंतरचा, पण आमच्या घरात ती गोष्ट पोळासणासारखी दरवर्षी निघायची. आजी जात्याच्या उरलेल्या पाळूकडे बघून हळहळायची, कारण घरातलं बाकी काहीच उरलं नव्हतं. माझ्या शाळेच्या पुस्तकात काय होतं? काहीही नाही. फुल्यांचा फोटो होता, सावित्रीबाईंवर शेण पडलं हेही होतं. शेण मारलं कुणी, ते नव्हतं. ते बहुधा आभाळातून पडलं असावं. गुरुजी मात्र स्कॉलरशिपच्या फॉर्मसाठी आम्हाला भर वर्गात जातीने उभं करायचे. त्या वेळी कुणाला कसं वाटतं याची चौकशी करणारा कायदा नव्हता. माझ्या भावनांसाठी कुठल्याही सरकारने आजवर एक कलमसुद्धा खर्च केलेलं नाही, ना तिकडच्या, ना तुमच्या.

अखेर नामांतर झालं १४ जानेवारी १९९४ रोजी, तेही नामविस्तार म्हणून, तडजोडीचं. त्याच १९९४ साली तुमच्या विधिमंडळाने रोझवूडच्या लोकांसाठी २१ लाख डॉलरची भरपाई मंजूर केली आणि त्याच साली शाळांत आफ्रिकन-अमेरिकन इतिहास शिकवणं कायद्याने सक्तीचं केलं. तेव्हा माझ्या मुलीचा विषय जड नव्हता, महोदय. तुमच्याच राज्याने त्याचे पैसे मोजले होते. तीस वर्षं उलटून गेली सक्तीला. ६७ जिल्ह्यांपैकी हे काम नीट करणारे डझनभर जेमतेम निघतात असं वाचलंय. उरलेले काय करत होते? आणि जानेवारी २०२३ मध्ये वरच्या वर्गांसाठीचा आफ्रिकन-अमेरिकन स्टडीजचा एपी (कॉलेजच्या पातळीचा) अभ्यासक्रम तुम्ही परत पाठवलात, त्याला शैक्षणिक मूल्य नाही म्हणून. मूल्य कशाला आहे मग, शेंगदाण्यांना?

आमच्या मराठी मंडळातले सज्जन म्हणतात, ताई, आपल्याला काय करायचंय, हा त्यांचा वाद. त्यांनाही हे पत्र आहे. १९२३ साली, रोझवूड जळाल्याच्या पुढच्याच महिन्यात, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पंजाबातून आलेल्या भगतसिंग थिंद यांना तुम्ही गोरे नाही, नागरिकत्व मिळणार नाही, असं सांगितलं. आपल्यासाठी खरा दरवाजा उघडला १९६५च्या स्थलांतर कायद्याने, आणि तो ज्या नागरी हक्क चळवळीच्या रेट्यात झाला तिच्यात डोकी काळ्यांची फुटली होती. आपण आलो, घरं घेतली, गणपती बसवले. आणि २००५-०६ साली कॅलिफोर्नियात आपल्यातल्याच काही संघटना पाठ्यपुस्तकातला जातीचा मजकूर सौम्य करा म्हणून गेल्या. कारण काय, तर मुलांना वर्गात लाज वाटते. ओळखीचं वाटतं का, आयुक्तसाहेब? तुमची आणि त्यांची भेट घालून द्यायला हवी, दुभाषाही लागणार नाही.

२०२३च्या मे महिन्यात तुम्ही आशियाई-अमेरिकन इतिहास सक्तीचा करून आम्हाला खूश केलंत. मंडळात पेढे वाटले. मी खाल्ले नाहीत. एकाच वर्षी एकाच्या ताटात वाढायचं आणि शेजारच्याच्या ताटातलं काढून घ्यायचं, ही युक्ती आमच्या गावच्या पाटलालाही येत होती.

१८७३ साली पुण्यात जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ लिहिली आणि ती अर्पण केली गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. त्या लोकांचे वारस कोण, याचा शोध मी अजून टॅलाहासीत घेते आहे.

माझ्या मागण्या फार नाहीत. मुलीला तिचा रोझवूडचा प्रकल्प वर्गात मांडू द्या. हिंसेच्या ओळीतले ते दोन शब्द काढा. आणि हॅरी मूर शिकवा, पूर्ण शिकवा. तो तुमच्याच राज्यातला शिक्षक होता. काळ्या शिक्षकांना गोऱ्यांइतका पगार मागितला, मतदार नोंदवले. १९४६ साली त्याला आणि बायको हॅरिएटला नोकरीतून काढलं. १९५१च्या नाताळच्या रात्री, त्यांच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवशी, मिम्समधल्या त्यांच्या झोपायच्या खोलीखाली बाँब फुटला. तो त्याच रात्री गेला, हॅरिएट नऊ दिवसांनी. २००६ साली राज्याच्याच अॅटर्नी जनरलने कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववादी टोळीच्या चौघांची नावं जाहीर केली, चौघेही तोवर मरून गेलेले. म्हणजे नावं आहेत, सरकारी कागदावर आहेत. ती चार नावं परीक्षेत विचारा. एवढ्या परीक्षा घेताच आहात: संगणकावर, वर्षातून तीनतीनदा, मुलं आकडा होऊन घरी येतात. शाळेच्या सहलीला परवानगीचा कागद, पाहुण्याच्या भाषणाला परवानगीचा कागद. सरकारी शाळेचा पैसा व्हाउचरमधून खासगी शाळांकडे वळवायला मात्र माझी परवानगी कुणी मागितली नाही. कर मी भरते, महोदय, दर नोव्हेंबरला घराच्या कराचं बिल येतं, त्यावर शाळेचा वाटा वेगळा छापलेला असतो.

उत्तर यंत्राने देऊ नये, सही असलेलं पाठवावं.

एक आई,
मध्य फ्लोरिडा

ता.क. कौशल्याच्या त्या वाक्याच्या समर्थनासाठी निकष तयार करणाऱ्या तुमच्या अभ्यासगटातल्या दोघांनी गुलामीत कौशल्य शिकलेल्या म्हणून सोळा जणांची यादी दिली होती. त्यातले जेम्स फॉर्टन आणि लुईस लॅटिमर जन्मापासून मुक्त होते. आणि बेटी वॉशिंग्टन लुईस ही जॉर्ज वॉशिंग्टन यांची सख्खी, गोरी बहीण. तिच्या घरी गुलाम राबत. शाळेतल्या मुलीने असं लिहिलं असतं तर तिचा प्रकल्प परत पाठवला असता ना?