हरवले-सापडले

बेंतिऊ, दक्षिण सुदान
20 नोव्हेंबर 2022

तीर्थरूप आईस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तुझं अर्धंच ऐकू आलं, म्हणून लिहायला बसले. गेल्या वर्षीच्या पुराचं पाणी अजून हटलेलं नाही. छावणीभोवती मातीचे बांध घातलेत, आम्ही सगळे त्यांच्या आत.

2003 च्या सिंहस्थात तू रामकुंडाजवळ हरवले-सापडलेच्या तंबूत बसायचीस. माईकवर नाव पुकारलं की दिवेलागणीपर्यंत कुणीतरी धापा टाकत यायचंच. मी इथे तेच काम करते, पण इथला पुकारा वर्षानुवर्षं चालतो. डिसेंबर 2013 मध्ये राजधानी जुबात लढाई पेटली, ती बोर, मलाकाल, बेंतिऊपर्यंत पसरली. वाट फुटेल तिकडे पळताना पोरांचे हात सुटले. 2018 मध्ये तह झाला. फेब्रुवारी 2019 पर्यंत 6,000 मुलं घरच्यांकडे पोचवली गेली, तरी कितीतरी राहिली.

लहान मुलाला आईचं नाव विचारलं, की ते "आई" एवढंच सांगतं! मग विचारायचं, घराजवळ झाड कुठलं होतं, गुरं कुठल्या रंगाची. इथे गुरांच्या रंगावरून माणसांची नावं ठेवतात, त्यामुळे कधीकधी बैलावरून बाप सापडतो. मामांच्या गोठ्याची फार आठवण येते गं.

मागच्या आठवड्यात एक बाई फोटोंची वही चाळत होती. एका पानावर थांबली, मुलाचं तोंड तळहाताने झाकलं आणि नुसते डोळे बघत राहिली. तीन वर्षांचा हरवला होता, आता अकराचा. लगेच सोपवता येत नाही. दोघांना वेगवेगळं बसवून विचारावं लागतं. तिने सांगितलं, डाव्या गुडघ्यावर चुलीचा चटका आहे. होता.

पण त्याला आठ वर्षं वाढवणारी दुसरी बाई दाराशी उभी होती. पळताना रस्त्यात रडणारं पोर तिने उचललं होतं, स्वतःची तीन असताना. आमच्या फॉर्मवर तिच्यासाठी एक ओळ, सही करून मूल परत दिल्याची. मला ते पटलं नाही. मी भांडले. आता ती त्याला सोडायला गावापर्यंत जाईल आणि महिनाभराने भेटायलाही.

आई, त्या तंबूत तू एका मुलीला दोन रात्री कुशीत घेऊन झोपली होतीस. न्यायला आले तेव्हा तू तिच्या हातात लाडवांचा डबा दिलास आणि घरी येऊन जेवली नाहीस. काय गं नाव तिचं? कळव.

तुझी,
माई