खोक्यावरच्या चिन्हाची जबाबदारी कोणाची?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला स्मार्ट घरावरचा लेख वाचला. छायाचित्रं सुरेख होती. लेखकाचं म्हणणं असं, की दिवे, पंखे, गीझर, पडदे आणि दाराचं कुलूप ही सगळी मंडळी एका हबला, म्हणजे सगळ्यांना हुकूम सोडणाऱ्या मधल्या डब्याला, जोडून टाकायची, की घर आपल्या शब्दाबाहेर जात नाही. दिव्या-पंख्यांपर्यंत मान्य. कुलपाचं एवढं सोपं असतं तर मी सकाळी सकाळी हे पत्र लिहायला बसलो नसतो. लेखकाने असलं कुलूप स्वतःच्या दाराला लावून हबशी जोडून पाहिलं आहे, की कंपनीच्या माहितीपत्रकावरून मजकूर उतरवला आहे, एवढं कळलं तर बरं होईल.

इंदिरानगरच्या या इमारतीत राहायला आलो तेव्हा दाराला डिजिटल कुलूप बिल्डरनेच बसवून दिलं होतं. बोट लावा, कार्ड दाखवा, आकडे दाबा, नाहीतर सरळ किल्ली फिरवा. कुलूप म्हणून ते उत्तम आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पुढे आमच्या सौ.चं गुडघ्याचं ऑपरेशन झालं. फिजिओथेरपीच्या बाई दुपारी यायच्या, मी बऱ्याचदा नेमका तेव्हा बँकेत नाहीतर औषधांच्या दुकानात, आणि हिने वॉकर घेऊन एकटीने दारापर्यंत जायचं नाही अशी डॉक्टरांची सक्त ताकीद. पुण्याच्या मुलाने हब पाठवला, सोबत एक बिनतारी बटण. पलंगाच्या कडेला बटण चिकटवायचं, दाबलं की दार उघडायचं. एवढीच मागणी. त्या बटणाने दिवा लागला, पंखा बंद झाला. दार ढिम्म.

कुलपाचं खोकं मी जपून ठेवलं होतं. (उभी नोकरी अंबडच्या कारखान्यात तपासणी खात्यात झाली, खोकं टाकवत नाही.) त्यावर आमच्याच हबचं चिन्ह ठसठशीत छापलेलं. ते घेऊन दुकानात गेलो, तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, ‘काका, त्याला गेटवे लागतो, तो वेगळा घ्यावा लागेल.’ हे खोक्यावर कुठे आहे विचारलं, तर तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत होतं. घेतला गेटवे. मग हबच्या अ‍ॅपमध्ये कुलूप दिसायला लागलं. दार बंद असलं की ‘बंद आहे’, उघडं असलं की ‘उघडं आहे’. ही बातमी मला दाराकडे बघूनही कळत होती.

उघडायचं असेल तर काय? तर हबच्या स्पीकरला हुकूम सोडायचा आणि वर तोंडाने पिन सांगायचा. म्हणजे फिजिओथेरपीच्या बाई, कुरिअरवाला आणि जिन्यात गप्पा मारत उभी असलेली मंडळी, सगळ्यांना आमचा पिन पाठ. आणि बटणाला तर पिन बोलताच येत नाही, त्यामुळे बटणाने कुलूप लावता येईल पण उघडता येणार नाही, असं हबवाल्यांच्या मदत केंद्राने गोड आवाजात सांगितलं. तशी सोय आमच्याकडे आहे, पण कुलूपवाल्यांनी ती खुली केलेली नाही, असंही ते म्हणाले. कुलूपवाले म्हणाले, आमच्या अ‍ॅपमधून उघडतंय ना, मग प्रॉब्लेम हबचा. दोघेही मला ‘सर’ म्हणत होते आणि दोघांनीही तक्रार क्रमांक दिला. शेवटी घराची किल्ली शेजारच्या वहिनींकडे ठेवली. त्या दुपारी येऊन दार उघडायच्या, चहाही करायच्या.

आतली भानगड मुलाने फोनवर उलगडून सांगितली. कुलूप बोलतं ब्लूटूथ, हबला आणि बटणाला कळतं झिग्बी, ही दुसरीच बिनतारी भाषा. दोन्ही रेडिओलहरींच्या 2.4 गिगाहर्ट्झच्याच पट्ट्यात, पण एकाचं दुसऱ्याला कळत नाही. गेटवे त्या ब्लूटूथचं वायफाय करतो, तिथून निरोप इंटरनेटने कुलूपवाल्यांच्या सर्व्हरकडे, मग हबवाल्यांच्या सर्व्हरकडे आणि तिथून आमच्या हॉलमधल्या हबकडे. या दोन कंपन्यांमध्ये जेवढा करार, तेवढंच आमचं दार आमचं ऐकणार. पलंगापासून दार पंधरा पावलांवर आहे हो! वळवाच्या पावसात लाइट गेली की राउटर बंद, हब बंद. कुलूप बॅटरीवर टुकटुकीत जिवंत, पण त्याला सांगणार कोण? यावर ‘राउटर इन्व्हर्टरवर घ्या’ असा सल्ला मिळाला. म्हणजे कुलपासाठी गेटवे, गेटवेसाठी राउटर, राउटरसाठी इन्व्हर्टर.

भाच्याने अमेरिकेहून कौतुकाने आणलेल्या कुलपाची कथा तर दोन ओळींची आहे. ते झेड-वेव्ह या तिसऱ्याच बिनतारी भाषेचं. तिकडे ते 908.42 मेगाहर्ट्झवर चालतं, आपल्याकडे त्यासाठी 865 च्या आसपासचा पट्टा. इथला हब त्याला जन्मात ऐकू येणार नाही. सध्या कपाटात आहे.

आता माझा मुद्दा. आमच्या खात्यात मी होल्डर तपासत असे. बल्बच्या टोपीचं 22 मिलिमीटरचं माप कोणा एका कंपनीच्या मालकीचं नाही, म्हणून कोणाचाही बल्ब कोणाच्याही होल्डरात बसतो आणि गिऱ्हाइकाला कधी विचारावंसुद्धा लागत नाही. कुलपांसाठी असं काही नाही, असंही नाही. मॅटर नावाचं सामाईक मानक ऑक्टोबर 2022 मध्ये आलं आणि त्याच्या पहिल्याच आवृत्तीत दाराची कुलपं होती. घरातल्या उपकरणांनी घरातल्या घरातच बोलावं, दर खेपेला कंपनीच्या सर्व्हरचं दार ठोठावू नये, अशी त्याची रचना आहे. आमच्या कुलपाला ते मिळेल का विचारलं तर ‘नवीन मॉडेलमध्ये आहे सर’. जुन्याला? ‘वरून कळवलं जाईल.’ आणि नवीन मॉडेल घेतलं तरी बोटांचे ठसे नोंदवायला बहुतेक वेळा कंपनीच्याच अ‍ॅपकडे जावं लागतं, हेही दुकानदार आपणहून सांगत नाही.

सुरक्षिततेसाठी आम्ही कुलूप इतरांना खुलं करत नाही, हे कंपनीचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. दाराच्या बाबतीत तेवढा कडकपणा हवाच. पण मग खोक्यावर दुसऱ्याचं चिन्ह छापू नका ना. चिन्ह विक्रीपुरतं आणि सुरक्षितता विक्रीनंतर, हे कसं चालेल?

आपल्या लेखकाने यालाच ‘एकदाची गुंतवणूक’ म्हटलं आहे. अमेरिकेत रिव्हॉल्व नावाचा 300 डॉलरचा हब होता. 2014 मध्ये तो बनवणारी कंपनी नेस्ट या स्मार्ट घराच्याच वस्तू करणाऱ्या कंपनीने घेतली आणि मे 2016 मध्ये सर्व्हर बंद केला. लोकांच्या घरातले चांगले चालते हब त्या दिवसापासून नुसते डबे झाले. गंगापूर रोडपासून पाथर्डी फाट्यापर्यंत प्रत्येक नव्या इमारतीच्या फलकावर हल्ली ‘स्मार्ट होम’ लिहिलेलं असतं. त्या घरांचं कर्ज वीस वर्षांचं. कुलूपवाल्यांचा सर्व्हर किती वर्षांचा, हे बिल्डरच्या करारनाम्यात कुणी वाचलं असेल तर मलाही दाखवावं.

आपण दर 24 डिसेंबरला ग्राहक दिनाचं पान काढता. दिशाभूल करणारी जाहिरात म्हणजे काय हे 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात लिहिलेलं आहे, आपणच ते छापलं होतं. बिस्किटाच्या पुड्यावरसुद्धा वजन, किंमत आणि तक्रारीसाठी पत्ता असतो. हजारो रुपयांच्या कुलपावर कोणत्या हबशी नेमकं काय चालतं, त्यासाठी आणखी कोणता डबा विकत घ्यावा लागतो आणि इंटरनेट नसताना काय उरतं, हे वाचता येईल अशा अक्षरांत का नसावं? आणि तोवर निदान आपल्या पुरवणीने तरी अशा वस्तूंवर लिहिताना ती वस्तू कुणाच्या तरी घरी महिनाभर वापरून मगच लिहावं. फिजिओथेरपीच्या बाईंना दारात उभं राहावं लागलं ते छायाचित्रात येत नाही.

कळावे,
एक जुना वर्गणीदार
इंदिरानगर, नाशिक

ता. क. : पुरवणीची पानं वाढल्यापासून पहिल्या पानावरची गंगापूर धरणाच्या साठ्याची चौकट गायब झाली आहे. पावसाळ्यात सकाळी पेपर उघडला की आम्ही आधी ती बघायचो. धरणातून किती क्युसेक सोडलं आणि गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीला पाणी कुठपर्यंत लागलं, हे आता शेवटून दुसऱ्या पानावर, तेही रोज नाही. काल पहिल्या पानावर पडद्यांच्या मोटरची अर्धं पान जाहिरात होती. तिच्यातली चार बोटं जागा काढली तरी चौकट मावेल.