अल्टोला काम नाही म्हणतेस?

मनू,

रविवारी फोनवर म्हणालीस ना की क्वायरमधे सगळी मजा सोप्रानोची, म्हणजे सगळ्यात वरच्या आवाजाची, त्याखालच्या अल्टोने नुसता सूर धरून उभं राहायचं, तेव्हा मी हं हं केलं पण ते डोक्यातून जाईना. म्हणून तू पाठवलेलं ते विल्यम बर्डचं आग्नुस देई, म्हणजे 'देवाच्या कोकरा' ही प्रार्थना, चार आवाजांच्या मिस्सामधलं (मिस्सा म्हणजे कॅथलिकांची उपासना आणि तिचं संगीत), रोज सकाळी चहा टाकला की लावतोय. पहिल्या दिवशी आई आतून ओरडली, कोण गेलं? तिसऱ्या दिवशी तीच म्हणाली, ते शेवटचं परत लाव.

ते शेवटचंच सांगायचंय. सुरुवातीला सोप्रानो आणि अल्टो दोघीच, मग तीन आवाज, मग चारही, आणि मग "दोना नोबिस पाचेम", आम्हाला शांती दे, एवढंच मागणं, पण संपता संपत नाही. हे नक्की टोचतंय कुठे म्हणून मी पेटी काढली. सा आधीच धरलेला होता, तो न सोडता खाली प आणि वर रे दाबला, सा-रे चिकटून, असं काही चावलं की विचारू नकोस, आणि सा सोडून नी वर उतरलो तेव्हा हुश्श झालं. म्हणजे बघ, सा बेसूर नव्हताच, आधी मस्त जुळत होता, बाकीचे हलले आणि तो जागेवर राहिला म्हणून खुपला! बर्ड हेच एकामागून एक करत जातो, आज या आवाजात उद्या त्या, एक टोचणी मिटते तोवर दुसरी तयार. धरून उभं राहणं हेच तर काम आहे गं.

आणि हा माणूस कोण, तर १५७२ पासून इंग्लंडच्या पहिल्या राणी एलिझाबेथच्या स्वतःच्या चॅपलमधला पगारी गवई, आणि मनाने पक्का कॅथलिक. देश प्रोटेस्टंट झालेला, मिस्सावर बंदी, १५८१ नंतर सरकारी चर्चला गेलं नाही तर महिन्याला २० पौंड दंड, भल्याभल्यांची घरं बसावीत असा, आणि त्याच साली कॅम्पियन नावाच्या कॅथलिक पाद्र्याला लंडनमधे हाल करून मारलं. अशात ह्याने १५९० नंतर तीन मिस्सा छापल्या, मुखपृष्ठ नाही, साल नाही, छापणाऱ्याचं नाव नाही, स्वतःचं मात्र आहे. (धाडस म्हणावं का हट्ट, देव जाणे.) त्याच सुमारास एसेक्समधे स्टॉन्डन मॅसीला राहायला गेला, जवळच इंगेटस्टोनला पीटर घराण्याचा वाडा, ते कॅथलिक, भिंतीत पाद्री लपवायला खबदाडं केलेली. तुम्ही दणदणीत चर्चमधे तीसजण गाता ते हे दार लावून, दबक्या आवाजात, मोजक्या माणसांनी गायलं असणार. सगळा देश हलला आणि हा आपला त्याच सुरावर. ओढूनताणून जोडतोय म्हणशील, म्हण.

तो वाडा अजून आहे, तुझ्याकडून काही फार लांब नाही, सुट्टीत जाऊन ये आणि ती खबदाडं बघून मला सांग.

आणि हो, पुढच्या प्रॅक्टिसला फोन सोप्रानोंच्या पुढ्यात नको, तुमच्या रांगेत ठेवून रेकॉर्ड कर. आईला तुझा आवाज वेगळा ऐकायचाय, मला तुम्ही तो सूर कधी सोडता ते.

बाबा