मा. आरोग्यमंत्री, सुई काढल्यावर दाबायचं कुणी?

स. न. वि. वि.

सुई काढलेल्या जागी रक्तस्राव झाल्यास परिचारिकेला कारणे दाखवा नोटीस, हे परिपत्रक पोचलं. रिकामी पदं भरण्याचा शब्द दिला होतात, तो अजून वाटेतच आहे.

पक्षाघाताच्या वॉर्डात ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल ही रक्ताची गुठळी होऊ न देणारी औषधं चालूच असतात. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन झालं असेल तर विचारूच नका. एरवी दोन-तीन मिनिटांत थांबणारं रक्त इथं ५ ते १० मिनिटं धरून बसावं लागतं. त्यालाही रीत आहे. आधी दंडाला आवळलेला पट्टा सोडायचा. सुई पूर्ण बाहेर आली की मगच दाब. आत असताना दाबलं तर शीर आतून दुखावते. शिरेचं भोक कातडीच्या भोकाच्या बरोबर खाली नसतं, किंचित वर, हृदयाकडे असतं. म्हणून टिकली लावल्यागत एक बोट टेकवून भागत नाही. दोन-तीन बोटं शिरेच्या रेषेत हवीत. नाहीतर वरून कोरडं आणि आत काळंनिळं टेंगूळ! गॉज, म्हणजे जाळीदार कापडाची घडी, कोरडा हवा, स्पिरिटच्या ओल्या बोळ्यानं रक्त थांबायला उशीर लागतो. चोळायचं नाही, कोपर दुमडायचं नाही, घटकेघटकेला उचलून बघायचं नाही. नुकतीच धरलेली गुठळी निघून येते. हात सरळ, उशीवर उंच. पंधरा मिनिटांनी पांघरूण सारून पुन्हा जागा बघायची.

परिपत्रक म्हणतं, 'रुग्णास दाबून धरण्यास सांगावे.' कोणत्या हातानं, साहेब? लुळा हात सुजतो, बधिर असतो, म्हणून सुई धडधाकट हाताला लावतो. दाबायला उरतो तो लुळाच. वाचा गेलेली असेल तर चादर भिजली तरी हाक मारता येत नाही.

आता हिशेब करा. तीस रुग्ण, एक सिस्टर, दिवसात एकेक सुई निघाली आणि प्रत्येकी पाचच मिनिटं धरली तरी अडीच तास गेले. औषधं, नोंदी, कूस बदलणं कधी? आमच्या पाठीचं, उपाशी पोटाचं तर कुठल्याच रजिस्टरात रकाना नाही. यंत्राच्या उद्घाटनाला फीत मिळते, वॉर्डात गॉज संपलेला असतो. खाली माणूस द्यायचा नाही आणि वरून नोटीस काढायची, हाच कारभार सगळ्या खात्यांत चाललाय.

तूर्त परिपत्रक मागे घ्या. पदं भरा. ते जमेपर्यंत, दाबून कुणी धरायचं, त्या माणसाचं पदनाम लेखी कळवा.

पक्षाघात वॉर्डातील परिचारिका