विम्याच्या हप्त्यांबद्दल आई-बाबांना पत्र

ती. आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

गेल्या रविवारी फोनवर बाबा म्हणाले, "न्यूयॉर्क राज्य वीस टक्के सोडतंय म्हणून मी जन्मभर हप्ते भरू का?" लाँग-टर्म केअरच्या, म्हणजे दीर्घकाळच्या देखभालीच्या, विम्याच्या हप्त्यांवर राज्य देत असलेल्या करसवलतीबद्दलचा हा प्रश्न रास्त होता आणि मी घाईत त्याचे अर्धेच उत्तर दिले. उरलेले आज सावकाश लिहीत आहे.

आधी विम्याचे बोलते, कराचे नंतर. मेडिकेअर हा ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा आहे, मग लाँग-टर्म केअरचा वेगळा विमा कशाला, असे बाबा म्हणतात. पण किमान तीन दिवस रुग्णालयात दाखल राहिल्यानंतर, तेही कुशल शुश्रूषेची गरज असेल तरच, मेडिकेअर नर्सिंग होमचा, म्हणजे राहून शुश्रूषा घेण्याच्या केंद्राचा, खर्च जास्तीत जास्त १०० दिवस उचलते, आणि त्यातले पहिले २० दिवसच पूर्णपणे. रोजची आंघोळ घालणे, कपडे चढवणे, हाताला धरून शौचालयापर्यंत नेणे एवढीच मदत लागत असेल, तर त्यासाठी ती पैसे देत नाही. हा विमा नेमका तिथे कामी येतो. आंघोळ, कपडे, जेवण, शौचालयात जाणे, मलमूत्रावरचा ताबा आणि अंथरुणातून उठून खुर्चीत बसणे या सहांपैकी दोन गोष्टी किमान ९० दिवस स्वतःच्या स्वतः जमणार नाहीत असे प्रमाणपत्र मिळाले, किंवा स्मृतिभ्रंशासारख्या आजारामुळे सतत कुणाची तरी देखरेख लागू लागली, की दावा करता येतो.

साताऱ्याला आजी अंथरुणाला खिळली होती ते आठवते ना? काकू दर दोन तासांनी तिची कूस बदलत असे, रात्रीसुद्धा, आणि पाठीला पावडर लावून चादरीची प्रत्येक सुरकुती तळहाताने सपाट करीत असे, कारण एका सुरकुतीनेही आजीची कातडी सोलवटायची. आई, तू तिथे दोन महिने राहून परतलीस ती कमरेला पट्टा बांधूनच. तुमच्या घरी काकू नाही. मी चार तासांच्या अंतरावर आहे आणि दादा त्याहूनही लांब. हा विमा घ्यावा असे मला वाटते ते एवढ्याचसाठी.

आता राज्याची करसवलत, म्हणजे क्रेडिट. वजावट (करपात्र उत्पन्नातून कमी होणारी रक्कम) आणि क्रेडिट यांत बाबांची थोडी गल्लत झाली असावी. अमेरिकेच्या केंद्रीय कराच्या रिटर्नमध्ये हे हप्ते वैद्यकीय खर्चात धरता येतात, पण वयानुसार ठरलेल्या मर्यादेपर्यंतच, आणि तो सगळा खर्च उत्पन्नाच्या साडेसात टक्क्यांवर गेला तर वरच्या रकमेचीच वजावट मिळते. तुम्ही दरवर्षी प्रमाणित वजावट, म्हणजे खर्चाचा तपशील न देता मिळणारी ठरावीक वजावट, घेता, त्यामुळे त्याचा तुम्हाला काहीच उपयोग नाही. राज्याचे क्रेडिट निराळे आहे, ते थेट देय करातून वजा होते. पात्र पॉलिसीसाठी वर्षभरात भरलेल्या हप्त्यांच्या २० टक्के, पण वर्षाला १,५०० डॉलरपर्यंतच. दोघांचे मिळून ६,००० डॉलर भरले तर १,२०० डॉलर कर कमी होईल, आणि हप्ता ७,५०० च्या पुढे गेला की क्रेडिट तिथेच थांबेल. करापेक्षा क्रेडिट जास्त झाले तर उरलेली रक्कम हातात मिळत नाही, पण ती पुढच्या वर्षांच्या करातून वळती करता येते. रिटर्नसोबत आयटी-२४९ हा फॉर्म जोडायचा. पॉलिसी या क्रेडिटला पात्र आहे हे एजंटच्या तोंडी शब्दावर मानू नका, कागदावर पाहा.

एक अट मात्र बाबांनी नीट लक्षात घ्यावी. २०२० पासून, ज्यांचे न्यूयॉर्कच्या हिशेबाने समायोजित उत्पन्न २,५०,००० डॉलरपेक्षा कमी आहे, त्यांनाच हे क्रेडिट मिळते. एरवी तुम्ही या रेषेच्या बरेच खाली आहात. पण कोथरूडचा फ्लॅट विकायचे मनात आहे, आणि त्यावरचा नफा अमेरिकेतल्या रिटर्नमध्येही दाखवावा लागतो. त्यात बाबांनी निवृत्तिखात्यातून मोठी रक्कम त्याच वर्षी काढली, तर रेषा ओलांडली जाऊन त्या वर्षाचे क्रेडिट जाईल. शक्य असेल तर या दोन गोष्टी एकाच वर्षात येऊ देऊ नका.

माझ्याजवळ मेरीलँडला राहायला आलात तर काय, हेही मी पाहून ठेवले. इथल्या राज्यात रहिवासी आईवडिलांचे हप्ते मुलीने भरले तर क्रेडिट मुलीला घेता येते, ही गोष्ट मला मनापासून आवडली. पण ते विमाधारकामागे जास्तीत जास्त ५०० डॉलर आणि आयुष्यात एकदाच मिळते, न्यूयॉर्कसारखे दरवर्षी नाही. म्हणून त्यासाठी घर हलवा असे मी म्हणणार नाही. नातवंडांसाठी या, ते वेगळे.

हप्ते पुढे वाढतात ही बाबांची भीती खोटी नाही. पॉलिसी चालू ठेवायला कंपनी बांधील असते, हप्ता तोच ठेवायला नसते. राज्याची मंजुरी घेऊन ती सर्वांचे हप्ते वाढवू शकते, आणि अनेक कंपन्यांनी ते केले आहे. म्हणून आज जेमतेम झेपेल एवढी मोठी पॉलिसी नको. त्याहून लहान घेऊ, पण लाभाची रक्कम दरवर्षी वाढत जाण्याची सोय तिच्यात असू दे. आणि पुण्याला काही महिने राहण्याचा तुमचा बेत आहे, तेव्हा भारतात घेतलेल्या देखभालीचे पैसे मिळतील का, किती आणि किती दिवस, हे कंपनीकडून लेखी घ्या.

फक्त उशीर नको. अर्ज करताना प्रकृती पाहिली जाते आणि नकारही मिळू शकतो. आईची साखर सध्या आटोक्यात आहे, बाबांचे गुडघे सोडले तर तक्रार नाही.

पुढच्या शनिवारी मी येते आहे. गेल्या दोन वर्षांची रिटर्न आणि कंपनीने पाठवलेली दोन्ही कोटेशन्स निळ्या फोल्डरमध्ये काढून ठेवा. आपण तिघे टेबलाशी बसून हप्त्याचा आकडा ठरवू. बाबांना तरीही नको वाटले तर तसे त्यांनी मला समोर सांगावे.

तुमची लेक