शिष्यांना, आणि पेत्राला

प्रिय बाळा,

प्रभू येशूच्या नावात सप्रेम सलाम.

रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजनाची भाकर आपल्या बाकापर्यंत यायच्या आत तू उठून बाहेर गेलास. मी काही विचारलं नाही. शेजारी आत्या होत्या, आणि मला वाटलं, तुला बरं नसेल. संध्याकाळी तू निघालास तेव्हाही आपण चाव्या आणि चार्जर याच्यापलीकडे काही बोललो नाही. परवा ताईने मला सगळं सांगितलं. तिच्यावर रागावू नकोस. तू तिला मध्यरात्री जे लिहिलंस ते वाचून ती घाबरली आणि माझ्याकडे आली. बरं केलं तिने.

फोनवर मला हे बोलता येणार नाही. मी मध्येच रडेन आणि मग तू मलाच समजावत बसशील. म्हणून लिहिते आहे. एकच गोष्ट सारखी विचारायची नाही असं ठरवलं आहे, तरी आधी ती विचारूनच टाकते: रात्री झोप लागते का? खोलीत एकटाच असतोस का?

कामाच्या कागदावर तू त्या दुसऱ्या माणसाचं नाव घातलंस. ठपका त्याच्यावर आला, त्याची नोकरी गेली, आणि तू गप्प राहिलास. या गोष्टीला मी मवाळ नाव देणार नाही. हे पाप आहे. तूही ताईला तोच शब्द लिहिलास, आणि खरं सांगू, इतक्या दुःखातही मला तुझा अभिमान वाटला. ‘सगळेच असं करतात’, ‘वरून दबाव होता’ असं तुला म्हणता आलं असतं. तू म्हणाला नाहीस. दावीद राजासुद्धा इतक्या लवकर बोलला नव्हता. आपलाच सैनिक उरीया याला लढाईच्या तोंडी उभं करवून मारल्यावर तो राज्य करतच राहिला. नाथान संदेष्टा दाराशी येऊन गोष्ट सांगेपर्यंत तो गप्प होता. गप्प राहिलो तेव्हा माझी हाडं जीर्ण झाली, असं 32व्या स्तोत्रात आहे. तुझी हाडं सध्या कशी दुखत असतील ते मला कळतं.

पण त्याच नाथानाच्या प्रसंगात पुढे काय आहे ते पाहा. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाचा 12वा अध्याय, 13वं वचन. दावीद म्हणतो, मी परमेश्वराविरुद्ध पाप केलं आहे. आणि त्याच वचनात, पुढच्याच वाक्यात, नाथान म्हणतो की परमेश्वराने तुझं पाप दूर केलं आहे. मध्ये एक दिवससुद्धा नाही. परिणाम राहिले, ते दाविदाने जन्मभर भोगले, घरातच भोगले. पण क्षमा थांबून राहिली नाही.

बघ, शिकवायला लागले. शब्बाथशाळेत इतकी वर्षं मुलांपुढे उभी राहिले त्याची ही सवय. माफ कर. पण थोडं अजून ऐक, कारण मला जे सांगायचं आहे ते अजून सांगून झालेलं नाही.

तू लिहिलंस, ‘मला यहूदासारखं वाटतं.’ ते वाक्य वाचल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. त्या दिवसापासून मी मत्तयाच्या शुभवर्तमानाचा 27वा अध्याय पुन्हा पुन्हा वाचते आहे. लोक यहूदाला एका ओळीत उरकतात, पैशासाठी गुरूला विकणारा म्हणून. पण वाच नीट. येशूला शिक्षा झाली हे पाहून तो पस्तावला. चांदीची तीसच्या तीस नाणी परत घेऊन गेला. निर्दोष रक्ताला धरून दिलं, मी पाप केलं, असं तोंडाने म्हणाला. पश्चात्तापाच्या वेळी माणूस जे करतो ते त्याने केलं होतं. कबुली होती, भरपाई होती, डोळ्यांत पाणीही असेल. पण तो गेला कोणाकडे? ज्यांनी त्याच्याशी सौदा केला होता त्या याजकांकडे. आणि त्यांनी काय उत्तर दिलं? त्याचं आम्हाला काय, तुझं तूच बघ. माणसाला ऐकवायला यापेक्षा भयंकर वाक्य मला माहीत नाही. तुझं तूच बघ. तो गेला, आणि त्याने एकट्याने त्याचं त्याचं पाहिलं.

येशूला धरलं त्याच रात्री त्याचा शिष्य पेत्र याने काय कमी केलं? मरायलाही तयार आहे म्हणणारा, एका दासीने विचारलं तर ‘मी त्याला ओळखत नाही’ म्हणाला. एकदा नाही, तीनदा, शपथा घेऊन. तेवढ्यात कोंबडा आरवला, प्रभूने आधीच सांगितलं होतं तसा. लूक लिहितो की प्रभूने वळून पेत्राकडे पाहिलं. पेत्रही बाहेर जाऊन रडला. त्याने परत करायला काही आणलं नाही, कोणापुढे कबुली दिल्याचंही लिहिलेलं नाही. फक्त एक केलं: इतरांमध्ये परत येऊन बसला. तीन दिवसांनी कबरेपाशी पोचलेल्या बायांना देवदूताने निरोप दिला तो मार्काने लिहून ठेवला आहे: जा, त्याच्या शिष्यांना आणि पेत्राला सांगा. शिष्यांमध्ये पेत्र होताच की. मग वेगळं नाव कशाला? मला वाटतं, नाव घेतलं नसतं तर तो निरोप आपल्यासाठी आहे असं त्याला वाटलंच नसतं.

यहूदा तिसऱ्या दिवसापर्यंत, येशू कबरेतून उठेपर्यंत, थांबला असता तर? मी हे कोणाला शिकवत नाही, पाळकांनाही कधी विचारलं नाही, आणि त्याचा न्याय करणारी मी कोण. पण आई म्हणून मला वाटतंच की तो थांबायला हवा होता. त्याच्यासाठीही वधस्तंभ उभा राहतच होता, त्याच दिवशी, त्याच शहराबाहेर.

तू थांब, बाळा. एवढंच. रात्र काढ आणि कोणाजवळ तरी बस.

तुझे बाबा असते तर हे दोन वाक्यांत सांगून मोकळे झाले असते. तुला आठवतं का, तू सात-आठ वर्षांचा असशील, कौटुंबिक प्रार्थनेत त्यांनी पेत्राचा हा भाग वाचला आणि तू डोळे मिटायच्या वेळी उघडे ठेवून विचारलंस, ‘मग पेत्राला रोज पहाटे कोंबडा आरवला की रडू येत असेल?’ ताई हसली. बाबा हसले नाहीत. ते म्हणाले, ‘येत असेल. पण मग त्याला समुद्रकाठचा विस्तवही आठवत असेल.’ आणि योहानाचा 21वा अध्याय काढून त्यांनी तुला दाखवलं, की महायाजकाच्या वाड्याच्या अंगणात पेत्र ज्यापाशी शेकत उभा राहून नाही म्हणाला तोही कोळशांचाच विस्तव होता, आणि पुनरुत्थानानंतर प्रभूने किनाऱ्यावर पेटवून ठेवला तोही कोळशांचाच. तीनदा नाकारलेल्याला तीनदा विचारलं, माझ्यावर प्रीती करतोस काय? आणि दर वेळी काम सोपवलं, माझी मेंढरं चार. ‘तू असं का केलंस’ हे एकदाही विचारलं नाही. तू बाबांच्या मांडीवरच झोपून गेलास त्या रात्री. त्यांचा पाय अवघडला तरी त्यांनी तुला हलवलं नाही. शेवटच्या आजारपणात ते तुझ्याच हाताने पाणी प्यायचे, आणि मला म्हणाले होते, याचं मन मऊ आहे, याला जप. मी जपते आहे, पण तू इतका लांब आहेस.

आता प्रभुभोजनाविषयी. अयोग्य रीतीने खाणारा दोषी ठरतो, या प्रेषित पौलाच्या शब्दांच्या भीतीने तू उठलास, असं ताई म्हणाली. भीती बाळगलीस हे चांगलंच आहे, हसतखेळत हात पुढे करणाऱ्यांपेक्षा. पण करिंथकरांस पहिल्या पत्राच्या 11व्या अध्यायात पौल तिथेच पुढे लिहितो की माणसाने आत्मपरीक्षण करावं आणि मग त्या भाकरीतून खावं. परीक्षण करून उठून जावं, असं तो म्हणत नाही. करिंथात तर एक जण उपाशी राही आणि दुसरा पिऊन मस्त होई, गरिबांना लाज आणली जाई, त्यावर तो चिडला होता. आणि पहिल्या प्रभुभोजनाच्या मेजाभोवती कोण बसलं होतं आठव. धरून देणारा होता, नाकारणारा होता, आणि बाकीचे सगळे काही तासांत पळून गेले. त्यांतला प्रत्येक जण काय करणार हे प्रभूला ठाऊक होतं, तरी त्याने भाकर मोडली. पापांच्या क्षमेसाठी हे रक्त ओतलं जात आहे असं तो म्हणाला, ते ज्यांना पापच नाही अशांना उद्देशून कसं असेल?

‘क्षमा इतकी सोपी असेल तर मला ती नकोच,’ असंही तू लिहिलंस. यावर मी खूप विचार केला. देवाने ‘जाऊ दे, काही नाही झालं’ म्हटलं असतं तर ती सोपी झाली असती, आणि मग ज्याची नोकरी गेली त्याच्यावर तो अन्याय झाला असता. देवाने तसं म्हटलं नाही. पापाचं वेतन मरण आहे, हे वाक्य त्याने मागे घेतलं नाही. त्याने स्वतःच्या पुत्राच्या अंगावर ते घेतलं. दुसऱ्याने आपलं कर्ज भरलं आणि पावती आपल्या हातात दिली, तर ती फाडून ‘मी स्वतः भरेन’ म्हणण्यात नम्रता नाही, बाळा. तारण कृपेने आहे, कर्मांनी नाही, कोणी आढ्यता बाळगू नये म्हणून, हे इफिसकरांस पत्रातलं वचन तू लहानपणी घडाघडा म्हणून दाखवायचास. आढ्यता फक्त चांगल्या कामांचीच असते असं नाही. माझं पाप इतकं मोठं की तुझ्या रक्तालाही ते धुता येणार नाही, हेही प्रभूच्या तोंडावर बोलणंच झालं. हे कठोर झालं का? झालं असेल तर क्षमा कर. मी तुझ्याशी वाद जिंकायला बसलेली नाही. मला तू हवा आहेस.

आणि त्या माणसाचं काय, हे तू विचारशीलच, विचारायलाच हवं. जक्कय जकातदाराची गोष्ट घे. येशू त्याच्या घरी गेला तेव्हा त्याने कोणाचं काही परत केलेलं नव्हतं. प्रभू आधी आत आला, मग जक्कय उभा राहून म्हणाला की ज्याचं अन्यायाने घेतलं त्याला चौपट परत करतो. क्षमा मिळवण्यासाठी त्याने ते केलं नाही, पण क्षमा मिळाल्यावर ते केल्याशिवाय त्याला राहवलं नाही. तेव्हा तुला वरिष्ठांकडे जाऊन खरं सांगावं लागेल. लेखी सांगावं लागेल. त्या माणसाच्या दारात उभं राहावं लागेल, आणि तो दार लावून घेईल कदाचित. देवाने क्षमा केली म्हणून त्याने केलीच पाहिजे असा हट्ट तुला धरता येणार नाही. तुझी नोकरी जाईल. जाऊ दे, असं लिहायला मी पेन उचललं आणि बराच वेळ नुसतीच बसून राहिले. या नोकरीसाठी तू किती राबलास, मी पाहिलं आहे. तुझं नेमणुकीचं पत्र आलं त्या दिवशी मी ते बाबांच्या बायबलमध्ये ठेवलं, अजून तिथेच आहे. तरीही जाऊ दे. आपण बघू काय करायचं ते. ‘तुझं तूच बघ’ या घरात कोणी म्हणणार नाही.

पण हे सगळं उद्याच कर असं मी म्हणत नाही. आधी झोप. एलीया संदेष्टा झुडपाखाली पडून मरण मागत होता, आता पुरे, माझा प्राण घे म्हणत होता. परमेश्वराने त्याला उपदेश केला नाही. देवदूताने त्याला खायला-प्यायला दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा उठवून खायला दिलं. बोलणं त्यानंतर, कित्येक दिवसांनी. म्हणून डॉक्टरांकडेही जा. झोपेसाठी औषध दिलं तर घे. प्रार्थना करणाऱ्याने औषध घेऊ नये असं शास्त्रात कुठेही नाही. आणि प्रार्थना करता येत नसेल तर नको करूस, सध्या ती माझ्याकडे राहू दे. पेत्र पडायच्या आधीच प्रभू त्याला म्हणाला होता की तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी विनंती केली आहे. ती विनंती तुझ्यासाठीही चालू आहे असं मी धरून चालले आहे.

पुन्हा तेच विचारते, चिडू नकोस. रात्री खोलीत एकटा राहू नकोस. वरच्या मजल्यावरच्या त्या मित्राला सांग, कारण सांगायची गरज नाही, नुसतं ‘आज इथे झोपतो’ म्हण. शनिवारी ताई तुझ्याकडे येते आहे, तिने तिकीट काढलं आहे. तिला ‘कशाला’ म्हणू नकोस. वरिष्ठांकडे जायचं ठरवलंस तर ती बाहेर बसून राहील. मीही येईन, तू हो म्हणालास तर. नाही म्हणालास तरी पुढच्या आठवड्यात येईनच बहुतेक.

पत्र मिळालं की फोन कर. बोलायचं नसेल तर बोलू नकोस, नुसता फोन लाव.

तुझी,
आई

ता. क. आत्यांना मी काही सांगितलेलं नाही. त्या विचारत होत्या, तुला बरं वाटतं का. मी म्हटलं, वाटेल.